‘खरेदीनंतर’चा खण

बाईंचे तोंड ‘कि’वर उघडले आणि उघडेच राहिले. पडद्यावर त्यांच्या एका हातात किल्लीचे चित्र होते, दुसऱ्या हाताचे बोट स्वतःच्या ओठांकडे वळलेले होते, आणि या दोहोंच्या मधोमध एक राखाडी चक्र, आपल्याला कुठेही पोहोचायचे नाही अशा बेताने, फिरत होते.

पलंगावर तक्क्याला टेकून बसलेल्या त्याच्या पत्नीने ते उघडे तोंड आज्ञाधारकपणे न्याहाळले. मग तिनेही तोंड उघडले आणि उघडेच ठेवले. शिक्षक थांबला तर विद्यार्थ्यानेही थांबायचे, एवढी शिस्त तिच्यात शाबूत होती. काही वेळाने ती म्हणाली, “आता काय.”

मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गाठ अडकल्यापासून तिच्यापाशी हे दोनच शब्द उरले होते. भूक लागली तरी ‘आता काय’, उशी टोचली तरी ‘आता काय’, लेकीचा फोन आला तरी तेच. चौतीस वर्षे तिने दोघांच्याही वाटचे बोलणे एकटीने निभावले होते. दारावर आलेल्या प्रत्येकाशी हुज्जत तिनेच घातली, नातेवाइकांची उणीदुणी तिनेच काढली; तो मान डोलावत असे. आता ते सगळे काम अंगावर आल्यावर आपल्याला बोलता येत नाही हे त्याला कळले होते.

तो पलंगाशी गुडघे टेकून बसला, आपले तोंड तिच्या तोंडासमोर आणले आणि ओठ सावकाश हलवले. “किल्ली.”

तिने त्याच्या ओठांवर नजर रोखली. “कि,” ती म्हणाली. मग खूप लांबून काही ओढून आणावे तसे, “ल्ली.”

तेवढ्यात चक्र नाहीसे झाले. “छान काकू, पुढचं चित्र बघू,” पडद्यावरच्या वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या. “काका, आवाज येतोय ना?”

“आत्ता येतोय. मघाशी गेला होता. पण ती म्हणाली, बाई. किल्ली म्हणाली.”

“मला ऐकू नाही आलं, काका. मी ऐकलेलंच लिहू शकते.”

हा नियम त्याला मान्य होता. तेहेतीस वर्षे त्याने ग्रंथालयात तालिकाकाराचे, म्हणजे पुस्तकांची कार्डावर नोंद करण्याचे, काम केले होते, आणि प्रत्यक्ष हातात न आलेल्या पुस्तकाचे कार्ड एकदाही लिहिले नव्हते.

रुग्णालयाची योजना अशी होती: आठवड्याला दोन, अशी बारा सत्रे. बाराव्या सत्रात दहा चित्रे दाखवायची. पाच ओळखली तर आणखी बारा सत्रे मंजूर, न ओळखली तर रुग्णाची प्रगती थांबली असे समजून फाईल बंद. सुरू झालेले सत्र हे झालेले सत्र मानले जाई, मग त्यात चेहरा दिसो की राखाडी चक्र. रुग्णांना यातायात नको म्हणून हे सारे पडद्यावर हलवण्यात आले होते. ज्यांना जिने उतरता येत नाहीत, त्यांच्यावरचा हा उपकार होता. उपकार पोहोचतो की नाही हे पाहण्याचे खाते त्या रुग्णालयात नव्हते.

ते पाचवे सत्र होते. दुपारी शेजारणीला पत्नीजवळ बसवून तो नवा राउटर घ्यायला दुकानात गेला.

“सर, हा घ्या,” विक्रेता म्हणाला. “सहा अँटेना.”

“सहा कशाला लागतात?”

“चारपेक्षा जास्त ना, सर.”

“वेग किती?”

“तीन हजारपर्यंत.”

“पर्यंत म्हणजे?”

विक्रेत्याने खोका फिरवून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला असेल. “पर्यंत म्हणजे पर्यंतच, सर.”

या एका शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाला एक अख्खा व्यापार बिऱ्हाड थाटून बसला आहे. शून्य हेसुद्धा तीन हजारपर्यंतच असते. शिवाय ते तीन हजार म्हणजे दोन वेगवेगळ्या लहरींच्या वेगांची बेरीज असते, आणि त्याला जोडलेला फोन किंवा संगणक एका वेळी एकाच लहरीवर चालतो. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच माणसाला चालवून अंतर मोजण्यातला हा प्रकार. हे त्याला दुकानात कळले नाही. घरी येऊन वाचल्यावर कळले, आणि कळल्यावर त्याने त्याचे एक कार्ड केले.

वाचणे आणि कार्ड करणे, एवढे त्याला येत होते. जाणकार म्हणवणाऱ्यांची मते त्याने जमवली. ती एकमेकांना छेदत होती, तेव्हा प्रत्येक मताला स्वतंत्र कार्ड दिले. एक लहर वेगवान पण भिंतीशी हार मानणारी, दुसरी संथ पण लांब जाणारी: दोन कार्डे, परस्परसंदर्भासह. गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते. त्यांतला एक ‘आयुष्य बदलले’ असा होता आणि त्याच यंत्राखाली दुसरा ‘पैसे पाण्यात’ असा. त्याने दोन्ही, तारखांसकट, उतरवून घेतले. सूचनापत्रकातले एक वाक्यही उतरवले: ‘उंचावर, मोकळ्या जागी, धातूपासून दूर ठेवावे.’ पण ठेवण्याचा प्रश्न घेतल्यावर येतो, हे उघड होते. ते कार्ड त्याने ‘खरेदीनंतर’ अशी चिठ्ठी लावलेल्या खणात रीतसर टाकले.

खणांचे ते कपाट ग्रंथालयातून आलेले होते. तिथे संगणक आला तेव्हा लाखभर कार्डे रद्दीत गेली आणि त्याने अर्ज करून एक कपाट मागून घेतले. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात ते उभे होते, भिंतीला भिंत म्हणून शोभेल असे. घरातल्या प्रत्येक वस्तूची त्यात जागा होती. जुन्या राउटरचीही.

सातव्या सत्रात चित्र अकरा वेळा थांबले. प्रत्येक वेळी तो गुडघ्यांवर आला, प्रत्येक वेळी ओठ हलवले. चमचा. छत्री. चष्मा. त्या खंडांत ती शब्द उचलू लागली होती, अडखळत, पण उचलत होती. चित्र परत आले की ती गप्प होई आणि बाई रकाना रिकामा सोडत.

“बाबा, कुठलाही एक घ्या ना,” लेक फोनवर म्हणाली. ती दूर नोकरीला होती आणि रजेच्या चार अर्जांपैकी एकही मंजूर झाला नव्हता. “प्रबंध लिहिताय का?”

“चुकीचा घेतला तर?”

“तर बदलू.”

“सत्रं बदलून मिळत नाहीत.”

“म्हणून तर म्हणते, आज घ्या. नाहीतर आईला बाहेरच्या खोलीत बसवा, तिथे नेट बरं येत असेल.”

“न्हाणीघर आतल्या खोलीला आहे. तिला दिवसातून सहा वेळा उचलायला दुसरं कोण आहे?”

लेकीने तो विषय सोडला. मग म्हणाली, “आई काय करतेय?”

त्याने फोन पत्नीच्या कानाला लावला. “आता काय,” पत्नी म्हणाली, आणि मोठ्या मायेने म्हणाली.

दहाव्या सत्रानंतर, एकेचाळीस कार्डे झाल्यावर, त्याने राउटर निवडला. निवड निर्दोष होती. कोणत्याही परीक्षकासमोर तिचे समर्थन करता आले असते. तो आणला, जुना काढला, जुन्याच्या जागी नवा ठेवला. अकराव्या सत्रात बाईंचे तोंड ‘छ’वर उघडले आणि उघडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने बोलावलेला इंटरनेटचा जोडणीवाला आला. खांद्याला वायरीचे वेटोळे आणि घाई. “राउटर कुठंय, काका?”

“इथे. तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या जागी.”

जोडणीवाल्याने वाकून त्या पोकळीत पाहिले. दोन खण काढून केलेल्या जागेत, तीन बाजूंनी बंदिस्त, धूळ बसू नये म्हणून समोर पुठ्ठा लावलेला, नवा राउटर हिरवे दिवे मिचकावत होता. जोडणीवाल्याने बोटाच्या पेराने कपाटावर टकटक केली. कपाट खणखणले.

“मला वाटलं लाकूड आहे.”

“रंग तसा आहे. ही तालिका आहे.”

“असेल. पण आहे लोखंडाची.” तो हसला, हसण्यात वाईट काही नव्हते. “काका, डब्यात बसून हाक मारली तर ऐकू कुणाला येणार? वर ठेवा, कपाटाच्या डोक्यावर. किंवा त्या खोलीत. वायर मी देतो ओढून. जुना होता तोसुद्धा चालला असता की.”

“जुनासुद्धा?”

“पळाला असता. खोक्यावर लिहिलेलं असतं, काका, लोखंडाजवळ ठेवू नका म्हणून. कुणी वाचतच नाही.”

हे कपाट लोखंडाचे आहे हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण इतकी वर्षे तो त्याला तालिका म्हणत आला होता, आणि तालिका कशाची बनलेली असते हा प्रश्न तिच्यात कुठल्याच विषयाखाली येत नाही. त्याने खालचा खण ओढला, एक कार्ड काढले आणि जोडणीवाल्याच्या हातात दिले.

जोडणीवाल्याने ते उजेडात धरले. “धातूपासून दूर ठेवावे,” त्याने वाचले. मग कार्ड उलटसुलट करून अदबीने परत केले. “अक्षर छान आहे हं तुमचं.”

बाराव्या सत्राला सकाळी अकरा वाजता चित्र आले ते असे, की बाईंच्या चष्म्याच्या काचेत त्यांच्या खोलीची खिडकी दिसत होती. आवाज आणि ओठ प्रथमच बरोबर हलले.

“वा, आज किती स्वच्छ,” बाई म्हणाल्या. “काकू, सांगा बरं, हे काय आहे?”

किल्ली. पत्नीने चित्राकडे पाहिले. मग मान वळवून पलंगाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे.

“इकडे, काकू. माझ्याकडे बघा.”

ती त्याच्याकडेच पाहत राहिली. चित्र हलत होते, थांबत नव्हते, आणि थांबल्याशिवाय तो खाली बसत नाही, हे तिला ठाऊक होते.

“काका, त्या तुमच्याकडे बघतायत. आज चाचणी आहे. तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

तो बाहेर गेला आणि बोळात कपाटाला पाठ लावून उभा राहिला. दार लोटलेले होते. आतून बाईंचा प्रश्न येई, आणि मग शांतता येई. पूर्ण, सलग, कुठेही न तुटणारी. एकेचाळीस कार्डांनी ज्याची हमी घेतली होती ते हेच. दोनदा शब्द ऐकू आला, ‘पाणी’ आणि ‘चमचा’. तीनदा ‘आता काय’. उरलेल्या पाच वेळा काहीच नाही, तेही अगदी स्पष्ट.

“दोन झाले, काका,” तो आत आल्यावर बाई म्हणाल्या. “पाच हवेत. मी एवढंच वर पाठवू शकते.”

“माझ्या तोंडाकडे बघून ती अठरा शब्द बोलते. मी मोजलेत.”

“मदतीने आलेला शब्द वेगळ्या रकान्यात जातो.”

“त्या रकान्याचं पुढे काय होतं?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हेही एकदाही न अडता दिसले. “काही नाही, काका,” त्या म्हणाल्या. “काकूंना जपा.” आणि त्यांची खिडकी मिटली.

पडद्यावर प्रश्न उमटला: आजच्या संभाषणाचा दर्जा कसा होता? खाली पाच चांदण्या होत्या. त्याने खोटी नोंद आयुष्यात केली नव्हती. त्याने पाचवी चांदणी दाबली.

मग पडदा बंद करून तो सवयीने पलंगाशी गुडघ्यांवर आला. तिने चालणारा डावा हात उचलला आणि, बंद पडलेले यंत्र सुरू करावे तसे, एका बोटाने त्याचा खालचा ओठ हलवून पाहिला.

“किल्ली,” तो म्हणाला.

“किल्ली,” ती म्हणाली.

त्याने खिशातून तेच ‘खरेदीनंतर’चे कार्ड काढले. पुढच्या बाजूला जागा नव्हती. तिथे ‘उंचावर, मोकळ्या जागी’ होते. त्याने ते उलटे केले, शब्द लिहिला, तारीख घातली. मग ते कोणत्या खणात जाईल याचा विचार करत तसाच बसून राहिला, आणि ती पुढच्या शब्दासाठी त्याच्या ओठांकडे पाहत राहिली.