काप म्हणायचं नाही

आमच्या शिवणकामाच्या दुकानात एक रीत आहे. कापडाला कात्री लावण्याआधी कापणाऱ्याने "कापू?" असं विचारायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाने "काप" म्हणायचं. सासऱ्यांनी घातलेली रीत. शिवण उसवता येते, कापलेलं कापड काही पुन्हा ताग्याला चिकटत नाही. सासरे गेले, नवरा गेला, "काप" म्हणणं माझ्याकडे आलं आणि कात्री माझ्या थोरल्या लेकीकडे. माझ्या "काप"वर पुन्हा विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

थोरलीची झाली.

आधी एखाद्या वेळी जास्तीचं विचारायची. मग खडूची रेघ पुसून तीच रेघ पुन्हा मारायला लागली. "आई, कापू? नक्की? बाही आखूड नाही ना होणार?" मी म्हणायचे, "काप." ती पाणी पिऊन यायची. पुन्हा "कापू?" माझा घसा कोरडा पडायचा आणि कात्री टेबलावर तशीच. जेवताना हातातला घास हातात ठेवून म्हणायची, "कालची कॉलर बरोबर होती ना गं?" अंगठ्याची कातडी दातांनी सोलून सोलून लाल केलेली.

आता नातेवाइकांचं काय सांगावं! उचलली जीभ लावली टाळ्याला. नणंद म्हणाली, लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल. नणंदेचं लग्न झालंय, तिचं डोकं कुठल्या ठिकाणावर आहे ते मी रोज बघते. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, सकाळी चालायला पाठवा. धाकट्या लेकाने तिच्या मोबाइलवर काहीतरी लावून दिलं. त्यातली बाई पेंगत पेंगत सांगते, श्वास घ्या, आता सोडा. अगं, श्वास घ्यायला तुझी परवानगी कशाला? कुणाला उतार पडत असेल त्याने. थोरलीने ऐकलं आणि मला विचारायला लागली, "आई, मी श्वास बरोबर घेतेय ना?" घ्या!

दीर म्हणजे तर उंटावरचे शहाणे.

"वहिनी, हे सगळे मनाचे चोचले. आपल्या वेळी होतं का असलं काही?"

"तुमच्या वेळी मन नव्हतंच भावजी, नुसतं पोट होतं. ते अजून आहे."

"हसा तुम्ही. हॉटेलच्या वाढप्यांच्या कोटांचं काम आलंय. माझ्या जावयाला बसवा कापायच्या टेबलावर. पोरगी काजं-बटणं करील."

त्यांचा जावई कापड कापतो का फाडतो हे कोट घातल्यावरच कळतं. मी म्हटलं, "कापड येऊ दे. तिने नाही कापलं तर आणा तुमचं रत्न."

थोरली पलीकडे इस्त्री करत होती. तिने ऐकलं. बापाच्या हाताखाली उभी राहून मिळवलेली कात्री होती ती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच एक मनाची डॉक्टरीण शोधून काढली आणि म्हणाली, "आई, तुलाही बोलावलंय."

गेले. माझी शिलाई मशीन त्या डॉक्टरणीपेक्षा वयाने मोठी. केस विस्कटलेले, कुडत्याच्या काठाची हेम उसवलेली. हिला स्वतःची हेम दिसत नाही, ही लोकांच्या मनात काय बघणार?

तिने विचारलं, "ती 'कापू?' म्हणते तेव्हा तुम्ही काय करता?"

"उत्तर देते. बहिरी नाही मी."

"मग तिला किती वेळ बरं वाटतं?"

थोरलीच म्हणाली, "आईचं 'काप' म्हणून होईपर्यंत."

डॉक्टरीण म्हणाली, हा आजार आहे. शंकेला उत्तर म्हणजे खुराक. जितका घालाल तितकी ती माजते. घालू नका. जीव घाबरा होईल, होऊ द्या, चढलेली भीती आपली आपण उतरते. हळूहळू सवय करू.

"म्हणजे मी माझ्याच दुकानात मूग गिळून बसू?"

"हो."

असं तोंडावर! मग थोरलीकडे वळून म्हणते, "तुला चालेल?"

"मला चालेल," थोरली म्हणाली, "पण आईला जमायचं नाही."

तिथे माझं डोकं सणकलं. मला जमायचं नाही?

डॉक्टरणीने तिला असल्याच माणसांच्या बैठकीलाही धाडलं. गोल खुर्च्या मांडून आपापली रडगाणी गायची. तिथे म्हणे एक बसचा ड्रायव्हर येतो, रस्त्यात कुणाला चिरडलं तर नाही ना म्हणून मागे फिरून बघणारा.

"अशाच्या बसमध्ये बसतं कोण?"

"मी. आत्ता त्याच्याच बसने आले," थोरली म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तो शंकेशी भांडत नाही, आई. 'असेल बाबा' म्हणतो आणि पुढे जातो."

घरी आधी लहान कामांवर सवय केली. उशांचे अभ्रे, पिशव्या. कधी जमलं, कधी ती रडून उठली. मग कोटांचं कापड आलं.

दीर जावयाला घेऊन सकाळीच हजर, तमाशाला बसल्यासारखे. थोरलीने कापडाचे थर लावले, रेघ मारली. पुसायला हात गेला, मागे घेतला. "आई, कापू?"

मी ओठांत टाचण्या धरल्या होत्या. मला माझी जीभ माहीत आहे.

"आई, कापू ना?"

तिच्या कपाळावर घाम फुटला. दिरांनी तोंड उघडलं, "अगं का..." मी त्यांच्या मनगटाला असा चिमटा काढला की पुढचं अक्षर घशातच राहिलं. जावई जमिनीकडे बघायला लागला.

थोरली टेबलाची कड धरून उभी राहिली. बराच वेळ. वाटलं, जाते आता पळून. मग स्वतःशीच पुटपुटली, "असेल आखूड. होईल आखूड." आणि कात्री चालवली. कात्री रेघेवर होती.

कापून झाल्यावर दिरांनी टेप उचलला. "बघू तरी, बरोबर आलीय का बाही."

"काका, टेप खाली ठेवा," थोरली म्हणाली. "मला नाही बघायचं."

ठेवला त्यांनी. ठेवतील नाही तर काय करतील!

पुढच्या खेपेला तिने पुन्हा विचारलंच. त्याच्या पुढच्यालाही. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण कोट तिनेच कापले, जावयाने काजं केली, तीही वाकडी. दीर आता नातेवाइकांत सांगत फिरतात की वहिनींची वाचा गेली. एकदा त्यांनी माझ्यासमोर म्हणावं, मग कळेल गेली की आहे ते.