देवापुढची पॉलिसी

शुक्रवारी आखाती देशातल्या मीना सलमान बंदराच्या वर्कशॉपला सुट्टी, आणि महिन्यातल्या एका शुक्रवारी कोकणवाल्यांच्या खोलीवर सत्यनारायण. प्रसादाचा शिरा सत्यवतीच्याच हातचा. बुदैया भागात मेधाबाईंच्या घरी ती स्वयंपाकाला होती. १९८२ सालच्या या खेपेला मात्र थोरले दीर तुकाराम आदल्या दिवशीच सांगून गेले, "ह्या टायमाक तू येव नको."

कारण उघड होतं. तिचा नवरा बाळाजी, वर्कशॉपातला फिटर, क्रेनखाली सापडून गेला होता.

मरणानंतरचं दुःख वेगळंच. गावचाच शैलेंद्र पूजेला विम्याच्या पॉलिसी घेऊन येई. कागदाला हळदकुंकू लागायचं, तो देवापुढे ठेवायचा, की झालं पक्कं. सरकारी परवाना आहे का, हे विचारायचं कुणी? आपल्या माणसाचा अपमान ना तो! जळ्ळी मेली ती भीड! बाळाजीने अशीच पॉलिसी घेतली होती. सत्यवतीने क्लेम मागताच शैलेंद्र आज-उद्या करू लागला. शेवटी मेधाबाई तिला विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीत घेऊन गेल्या.

तिथल्या नजीबसाहेबांनी पॉलिसी नीट पाहिली. "बहन, ये कंपनी इधर रजिस्टर नहीं. पैसा मफी, कुछ नहीं मिलेगा."

सत्यवतीने पॉलिसी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. "तो उसको पकडो, साब."

"दूसरा पॉलिसीवाला लाओ. दो आदमी लिखके देगा, तो हम उसका धंदा बंद करेगा."

तुकारामांकडेही तीच पॉलिसी होती. म्हणून मनाई असूनही सत्यवती पूजेला गेली. शैलेंद्र नुकत्याच आलेल्या पोरांना पॉलिसी समजावत होता.

"हे कागद खोटे आसत," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "सरकारी सायबान सांगल्यान. भावोजी, माझे पैसे गेले ते गेले. ह्या पोरांचे तरी वाचवा. तुमची एक सही व्हयी."

तुकारामांनी मान खाली घातली. "आपल्याच माणसाक पोलिसात घालूचो? गावात तोंड खंय दाखवू?"

"वहिनीक धक्को बसलो हा," शैलेंद्र गोड आवाजात म्हणाला. "मनार घेव नकात."

"विधवा बाय पूजेत इलीच कित्याक?" मागून कुणीतरी बोललं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. आता रागवायला सोपं माणूस सापडलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. दोघांनी तिला दारापर्यंत नेलं. भावाच्या तिरडीला खांदा दिलेल्या तुकारामांनी तिच्या डोळ्यांदेखत मुलाच्या नावाने आणखी एक पॉलिसी घेतली, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली.

परवाना देवाने द्यायचा नसतो, सरकारने द्यायचा असतो. आणि तो बघायला मागायचा असतो आपण. एवढंही आपल्याला कळू नये?

शनिवारी सत्यवती कचेरीत गेली. तक्रारीवर तिने अंगठा उठवला. नजीबसाहेबांनी तिच्यामागे दाराकडे पाहिलं.

"दूसरा आदमी?"

"कोई नहीं आया, साब," ती म्हणाली.