बिनमिठाची भाजी

सासऱ्यांचं मीठ बंद झालं आणि घरावर अवकळा आली. हृदय थकलंय, मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठणार, ते छातीत चढलं की खेळ खलास, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हातारा जन्माचा शिंपी, पण जिभेचे चोचले एखाद्या नवाबाचे. पहिल्याच जेवणाला त्यांनी ताट सरकवलं.

सून मासळीच्या गोदामात कामाला होती. गोदामाच्या मागे, खारवलेल्या मासळीचं पाणी सोडायचे त्या पडीक जागेत, रस्त्याच्या कडेपर्यंत एक रानभाजी माजली होती. दुसरं गवतसुद्धा तिथे जीव धरत नसे. पानं जाड, वर पीठ भुरभुरल्यासारखी. मीठ न घालताही झकास लागते, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या आणि हिला देव पावला. सासऱ्यांपुरती वेगळ्या पातेलीत शिजवली, मिठाचा कणही घातला नाही. चाखलीही नाही, बिनमिठाचं चाखायचं तरी काय, कपाळ? म्हाताऱ्याने मात्र बोटं चाटली. मग काय, रोज तीच.

आणि पाय सुजायला लागले.

डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी सूज पोटऱ्यांवर चढली. घरातलंच कुणीतरी मीठ देतंय, हे उघड होतं. नवऱ्याच्या पथ्यापायी सासूबाईंचा जीव तीळतीळ तुटतोय, हे सून बघत होतीच. तिने मिठाचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. सूज काही हटेना. शेवटी तिचं डोकं फिरलं. दारात, शेजारणींच्या देखत, ती सासूबाईंना म्हणाली, "तुम्हीच मारताय त्यांना."

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. खाली मान घालून आत गेल्या. सुनेने तीच कबुली समजली आणि बोलणं टाकलं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी सासऱ्यांना धाप लागली. ओठ निळे पडले. सुनेला कामावरून बोलावून आणलं आणि मिळाली ती गाडी करून दोघींनी त्यांना इस्पितळात नेलं. त्यांना आत घेतलं, दार लागलं. बाहेरच्या बाकावर दोन टोकांना दोघी बसल्या. मेला बिचारा तर या बाईला जन्मात माफ करायची नाही, असं सुनेच्या मनात चाललं होतं.

सासऱ्यांसाठी सकाळी भरून ठेवलेला डबा सासूबाईंनी गडबडीत बरोबर आणला होता. सुनेच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिने डबा उघडून भाजीचा घास घेतला, आणि लगेच दुसरा घास चाखून पाहिला. चांगली खारट होती भाजी. गोदामाचं ते पाणी पिऊन वाढलेली, दुसरं काय होणार? आणि ती रोज हिच्याच हाताने ताटात पडत होती.

तिने डबा सासूबाईंपुढे धरला. "यात मीठ आहे. मी नव्हतं हो घातलं. पालाच खारा आहे."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "खारट आहे ते ठाऊक होतं मला. त्यांचं उरलेलं मीच खाते ना रोज. मला वाटलं, तुलाच त्यांची दया आली. चिमूटभर घालत असशील. तुझ्या नवऱ्याला कळलं तर तुझी धडगत नाही, म्हणून गप्प बसले. चिमटीने काय होतंय, असं वाटलं गं."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी दारात एका शब्दाने ही बाई सुटली असती.

दार उघडून डॉक्टर बाहेर आले ते तापलेलेच. श्वास चालू आहे, पुढचं आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले. मग दोघींवर नजर रोखून त्यांनी विचारलं, "मीठ कोण देत होतं यांना?"

सासूबाई लगबगीने उठल्या. "मीच—"

सुनेने त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

"मी दिलं," ती म्हणाली आणि उघडा डबा डॉक्टरांपुढे केला.