दोन राष्ट्राध्यक्ष आणि चारुलता

निवडणुकीचा निकाल लागला त्याच दिवशी चारुलता गेल्याचं कळलं. माझी बायको मतमोजणीवर देखरेख करायला एका परक्या देशात गेली होती, आणि केंद्रावरच्या गोळीबारात सापडली. तिथे युद्ध चालूच होतं, त्यात आता दोन्ही उमेदवारांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि एकमेकांना मतचोर म्हणायला लागले.

दोघांची इथली, बहारीनमधली माणसं एकाच संध्याकाळी रिफा शहरातल्या माझ्या घरी आली. दोघांच्याही हातात मुहर्रकच्या हलव्याचा डबा. सुतकाच्या घरी आपल्या साहेबांच्या विजयाचं गोड!

"शिरीषभाई, मॅडमनी यांची चोरी पकडली, म्हणून यांनी मारलं," पहिला म्हणाला.

"खोटं! गोळी याच्याच माणसांची," दुसरा ओरडला.

"तिला घरी कधी पाठवता?" मी विचारलं.

"आमचेच साहेब जिंकले, असं मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, एवढं टीव्हीवर सांगा. मग उद्या मॅडम विमानात, इंशाल्ला," पहिला म्हणाला. दुसऱ्यानंही आपल्या साहेबांसाठी तेच मागितलं.

फोनवर ती म्हणाली होती, दोघंही सारखेच चोर आहेत आणि इथला चहा पाणचट आहे. मी त्यांना तेच सांगितलं आणि डब्यांसकट बाहेर काढलं.

चारुलताचे अंत्यसंस्कार अजून व्हायचे आहेत.