राजविलासला वन्स मोअर

धुळ्याच्या राजविलास टॉकीजमध्ये वन्स मोअरला नाही म्हणायची रीत नव्हती. रिळांच्या काळात गाणं संपलं की ऑपरेटर रीळ मागे फिरवायचा आणि पब्लिक चिल्लर उधळायचं. पुढे पिक्चर सॅटेलाइटवरून यायला लागले, तेव्हा मागे फिरवणं बंद झालं आणि हळूहळू गर्दीही आटली. आता वर्षातून दोन-चार आठवडे अहिराणी पिक्चर लागायचे. ते लॅपटॉपवरून चालत, म्हणून तेवढ्यापुरती जुनी रीत परत यायची. त्या दिवसांत मॅनेजर अभिमन स्वतः मशीनघरात प्रोजेक्टरपाशी बसायचा.

अभिमनला मिसरूड फुटली ती याच टॉकीजात. पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टरचे मोर होते. त्यांच्या चोची तुटल्या तेव्हा त्यानेच सिमेंटने नव्या बसवल्या होत्या. त्या चोची पोपटाच्या दिसत, हे सगळं धुळं त्याला ऐकवत असे.

मालक दलिचंदशेठ मात्र कंटाळले होते. या वेळी त्यांनी बजावून सांगितलं, "खुर्च्या तुटल्या, पडदा फाटला, मी भरून देईन. पण पोलीस आत आला, की दुसऱ्या दिवशी टॉकीज विकून बिल्डरला सही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

या वेळचा अहिराणी पिक्चर भटूने काढलेला होता. हीरो किरण हा पांझरा नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा, व्हिलन नवल खालच्या गावचा. पोळ्याला कोणाचे बैल आधी निघणार, यावरून या दोन गावांत कितीदा तरी डोकी फुटली होती. दोघांना एका पिक्चरमध्ये घेतलं की वैर मिटेल, असं भटू सगळीकडे सांगत फिरला. शेवटच्या मारामारीत त्याला थोबाडीत खरी हवी होती. नवलने मान्य केलं. अट एवढीच, की टेक एकच. किरणने ती अशी हाणली, की नवलचा ओठ फुटला. तेच पडद्यावर आलं.

दुपारच्या पहिल्या खेळाला राजविलास खच्चून भरलं. भटू, किरण आणि नवलही आले होते. बाहेर राहिलेली गर्दी दारं ढकलत होती, म्हणून पोलिसांची गाडी चौकात येऊन थांबली. फुकटे घुसू नयेत म्हणून अभिमनने नेहमीसारखी आतून सगळीकडे कुलुपं लावली. किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या.

थोबाडीत बसली आणि वरच्या गावची पोरं खुर्च्यांवर चढली.

"वन्स मोअर!"

अभिमनने चित्र मागे नेलं. पुन्हा थोबाडीत, पुन्हा फुटलेला ओठ. शिट्ट्यांनी छत हाललं. त्याने आणखी एकदा नेलं, आणखी एकदा नेलं. खच्चून भरलेल्या थेटरचा हा आवाज इतक्या वर्षांनी ऐकून त्याच्या अंगावर काटा आला होता.

मशीनघराचं दार उघडून नवल आत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"अभिमनभाऊ, बस करा आते. मी एकदाव खाधी, कबूल करी खाधी. खाले मनी माय बशेल शे." त्याने खाली प्रेक्षकांकडे बोट दाखवलं.

"आरे, पब्लिक खूस शे! तुले हीरोना भाव भेटी राह्यना. बस ना गुपचूप."

"भाऊ, हात जोडस."

"बस, हाई आखरी," अभिमन हसत म्हणाला आणि त्याने चित्र पुन्हा मागे नेलं.

नवल निघून गेला. मशीनघराच्या झरोक्यातून अभिमनला तो थेट पुढच्या रांगेकडे जाताना दिसला. त्याने एका खुर्चीचा सुटलेला लोखंडी हात उपटला आणि हार घालून बसलेल्या किरणच्या कानावर घातला. किरण तिरका कोसळला. हारातल्या झेंडूवर रक्त उडालं.

मग आख्खं थेटर उठलं. खालच्या गावची मूठभर पोरं बाल्कनीच्या जिन्यातच तुडवली गेली. खुर्च्यांच्या फळ्या निघाल्या. एकाचं डोकं कठड्यावर आपटलं आणि तो तिथेच घसरून बसला. नवलला केसांना धरून पडद्याखाली ओढत नेलं. दोघांनी हात धरले. तिसऱ्याने थोबाडीत मारली.

"वन्स मोअर!" थेटर ओरडलं.

पुन्हा मारली. पुन्हा आरोळी. मधूनच एका बाईची किंकाळी येत होती, "मना पोऱ्याले सोडा रे!" भटू मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता.

अभिमनने पिक्चर बंद केला. अंधार झाला, तशा पोरांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या आणि सगळा उजेड नवलच्या तोंडावर पाडला. तिथे आता डोळे कुठले, नाक कुठलं, ते कळत नव्हतं.

अभिमनने शेठना फोन लावून मारामारीचं सांगितलं.

"दारं उघडू नकोस," शेठ म्हणाले. "दमतील आपोआप."

"शेठ, नवल मरतोय."

"अभिमन, तुझं टॉकीज आहे. बघ."

अभिमनने फोन खिशात टाकला, शटर ओढायची आकड्याची सळई घेतली आणि खाली उतरला. पहिली सळई भटूच्या मनगटावर बसली. मोबाइल पडला, भटू हात पोटात धरून खाली बसला. दुसरी, नवलला धरणाऱ्या पोराच्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज अभिमनला हातापर्यंत जाणवला. पाठीत फळी बसली, डोक्यात काहीतरी फुटलं, तरी तो सळई गरगर फिरवत राहिला. जागा झाली, तसं त्याने नवलला काखेत धरून बाजूच्या दारापर्यंत फरफटत नेलं.

दाराला पाठ लावून, एका हाताने सळई फिरवत, दुसऱ्या हाताने त्याने कुलूप चाचपलं. रक्ताने किल्ली सटकत होती. दाराच्या पलीकडे पोलिसांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. त्याने किल्ली फिरवली.

ऊन आत घुसलं. अभिमन नवलला घेऊन पायरीवर पडला आणि जीव तोडून ओरडला, "साहेब! इकडे या! आत या!"

फौजदार आणि शिपाई काठ्या घेऊन त्याच्या अंगावरून आत धावले. खिशातला फोन वाजला. शेठना चौकातून कोणीतरी कळवलं होतं.

"दार कोणी उघडलं?"

"मी, शेठ."

"पोलीस आत गेले?"

"मीच बोलावले."

पलीकडून फोन कट झाला. नवलला धाप लागली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर रक्ताचा बुडबुडा येत होता. अभिमनने शर्ट काढला, त्याची घडी केली आणि ती त्याच्या तोंडाशी दाबून धरली.