दादासाठी साउंड कार्ड

माणसाच्या आयुष्यात असा एक निर्णय येतोच, जो घाईने घेतला तर पुढच्या पिढ्या माफ करत नाहीत. धाकट्यापुढे तो आला होता: जुन्या गेम्ससाठी जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये साउंड कार्ड कोणतं बसवायचं. पुढची पिढी त्याला नव्हती. थोरला भाऊ होता, आणि त्याच्याकडे वेळ कमी होता.

म्हणजे दादा मरणार नव्हता. त्याचा डावा कान केव्हाच गेला होता आणि आता उजव्यामागे गाठ निघाली होती. ती काढताना उरलंसुरलं ऐकणंही जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्याआधी लहानपणीचा घोडेस्वाराचा गेम दादाला एकदा ऐकवायचा, असं धाकट्याने ठरवलं. इथवर सगळं सरळ होतं.

पण धाकटा कवळ्या बनवायचा. केसाएवढी फट दिसली की अख्खी कवळी पुन्हा ओतायची, हा हाताला लागलेला रोग. पहिल्या कार्डाची चिप अस्सल, पण मागे सारखी खरखर. दुसरं स्वच्छ वाजायचं, पण मध्येच एखादा सूर अडकला की गेम बंद करेपर्यंत भुणभुण. तिसऱ्यात खोट सापडेना, म्हणून ते तर साफच नापास.

"आमच्या कॉम्प्युटरवर तुतारी जरा नाकातून यायची," तो जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराला म्हणाला. "आणि घोडा लांब पळाला की लय ढिली पडायची."

"साहेब, कार्ड घ्यायचंय की सून आणायचीये?"

मग दादाचाच फोन आला. "काय रे, झाला का तुझा डबा सुरू?"

"आवाज जुळत नाहीये."

"मरू दे आवाज. तसंच खेळू. मी येतो रविवारी."

"तुला ना दादा, कशाचीच कदर नाही. जुळल्याशिवाय यायचं नाही."

"बरं बाबा," दादा म्हणाला.

ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी धाकटा चौथ्या कार्डाला सोल्डरचे डाग देत बसला होता. वहिनीचे फोन त्याने कापले. अशा कामात हात हलून चालत नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ गेली, कानही गेला.

बऱ्याच दिवसांनी दादा कानटोपी घालून आला. धाकट्याने गेम लावला आणि आवाज पूर्ण चढवला. खिडकीच्या काचा वाजू लागल्या. दादा मजेत खेळला, दोनदा खंदकात पडला, मग स्पीकरवर हात ठेवून त्याची थरथर बघत बसला.

"हे काय नवीन?" तो ओरडला. हल्ली तो ओरडूनच बोलायचा.

धाकट्याने कागदावर लिहून दाखवलं: साउंड कार्ड. आपल्या जुन्यासारखंच.

"आपल्याला कुठलं आलंय साउंड कार्ड? बाबांनी घेऊन दिलंच नाही. तू भोकाड पसरलंस, म्हणून मी शेजारी बसून तोंडाने तुतारी वाजवायचो. त्यात मला बारमाही सर्दी. दम लागायचा रे."

धाकट्याने स्पीकर बंद केले.

"एकदा वाजव ना, दादा," तो म्हणाला.

दादा पुन्हा घोडा पळवू लागला. त्याला ऐकू आलं नव्हतं.