फाटकाबाहेरचं मरण

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पहाटे मामा झाला होता. खुशीत गाडी धुऊन तो चहाला वळला, तोच प्रसूती विभागातून निरोप आला: गाडी लावा, बाई हलवायची आहे.

या रुग्णालयात बाळंतीण दगावत नाही, अशी ख्याती होती. का दगावेल? दगावण्याआधीच तिला बाहेर काढत. रक्त थांबेना झालं की पुन्हा ऑपरेशन करण्याची जोखीम कोण घेतो? टेबलावर गेली तर रुग्णालयाच्या नावावर मृत्यू लागतो. त्यापेक्षा "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणायचं. फाटक ओलांडलं की ती यांची नाही, आणि वाटेतच जीव गेला म्हणून मोठ्या दवाखान्याचीही नाही. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही, हे या शिकल्यासवरल्या माणसांना कोणी सांगावं? उलट त्यांचे सत्कार होत.

ड्रायव्हर वॉर्डात आला. खाटेवर त्याचीच पाठची बहीण होती. चादर लाल झाली होती. आई बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

"दादा, थंडी वाजतेय रे," बहीण म्हणाली.

"डॉक्टर, रक्त चढवा ना हिला."

"इथं सोय नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "बहीण तुमची, गाडी तुमच्या हातात. उचला लवकर."

"साहेब सांगतात ते ऐक बाबा," आई म्हणाली.

त्यानं किल्ली खिशात घातली आणि तो खाटेला टेकून खाली बसला.

"गाडी निघणार नाही."

"बहिणीच्या जिवावर उठलात का?"

"अशी नेलेली एकही बाई मी जिवंत पोचवलेली नाही, डॉक्टर. तुम्हालाही ठाऊक आहे. ही जायचीच असेल तर इथं जाईल, तुमच्या खाटेवर. तुमची म्हणून मोजली जाईल."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग मात्र धावपळ सुरू झाली. घरी गेलेले भूलतज्ज्ञ परत आले, शस्त्रक्रियागृह उघडलं, रक्ताच्या पिशव्या आल्या. मघाशी नसलेली सोय अशी सगळी हजर झाली. माणूस मरतंय म्हणून नव्हे, आकडा चढेल म्हणून.

दुपारी रक्त थांबलं. बहिणीनं डोळे उघडून बाळ मागितलं. आई डॉक्टरांना देवमाणूस म्हणाली. ड्रायव्हरनं नर्सला विचारलं, "रक्त कुठून आणलंत?"

"इथलंच," ती खाली बघत म्हणाली. "फ्रिजमध्ये असतंच की."

बहीण वाचल्याचा आनंद होता, पण त्याला आधी गाडीतून नेलेल्या बायका आठवल्या. संध्याकाळी तो गेल्या महिन्यात गाडीत गेलेल्या एका बाळंतिणीच्या घरी गेला. तिचा नवरा तान्ह्या मुलीला बाटलीनं दूध पाजत होता.

"तुमची बायको गेली ती नशिबानं नव्हे," ड्रायव्हर म्हणाला. "रक्त तिथंच होतं. तिला बाहेर काढली, आणि गाडी मी चालवली. तिचं मरण त्यांच्या नावावर मोजायला लावायचं आहे. मी साक्ष देतो. नोकरी गेली तर जाऊ दे. तुम्ही येता?"

नवऱ्यानं बाटली बाजूला ठेवली.

"गाडी दिली म्हणून," तो म्हणाला, "मी त्या डॉक्टरांच्या पाया पडलो होतो हो."